आईचे गुडघे आणि घरातला कापूस

आमच्या समोरच्या खोलीत एक हिवाळा कापूस आणि माझा कॉम्प्युटर एकत्र नांदले, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. मी लग्नांचे व्हिडिओ जोडून देते. घर मानवतजवळच्या गावात. बाबा निवृत्त मास्तर, थोडं कोरडवाहू रान. त्या साली त्यांनी कापूस विकलाच नाही. भाव येऊ द्या, म्हणाले. ढीग पार माळ्याला टेकला. अंगाला खाज, चहात तंतू. मशीनमध्ये रुई जायलीय, म्हणून ओरडून माझा घसा बसला.

आणि भाव खरंच आला की! बाबांनी चांगल्या दरानं कापूस व्यापाऱ्याला घातला आणि गावभर मान ताठ करून हिंडले. माझ्या मशीनचा पंखा तोवर रुईनं गच्च होऊन थांबला होता, ग्राफिक्स कार्ड जळालं होतं. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

पैसे आईच्या गुडघ्यांसाठी होते. दोन्ही गुडघे पार झिजलेले. पौर्णिमेला विहारात साऱ्या बाया खाली बसून वंदना म्हणायच्या आणि आमची आई दाराशी खुर्चीवर एकटी. घरी आली की म्हणायची, पाव्हणी केलंय मला. पोस्टातली ठेव त्यासाठीच होती. पण दवाखान्यात जावं तेव्हा ऑपरेशनचा आकडा वाढलेलाच असायचा. कापसाचे पैसे घालूनही थोडे कमीच पडत होते.

कार्ड आणायला मी बाबांना घेऊन परभणीला गेले. दुकानदार हसला. कार्ड कुठंच नाही, म्हणाला. याच कार्डांवर आभासी नाणी तयार करणारे लोक शहरांत खोकीच्या खोकी उचलून नेतात, आणि मिळालंच तर दुप्पट किमतीला. लग्नसराई तोंडावर. मी तणतणत बाहेर आले. बाबा मात्र काउंटरला टेकून त्या नाण्यांची चौकशी करत राहिले. येताना एसटीत तिकिटाच्या मागं आकडे मांडत बसले.

चार दिवसांनी त्यांनी मला पाचवीच्या वर्गासारखं समोर बसवून समजावलं. पोस्टाचं व्याज चालत जातं आणि दवाखान्याचा दर पळत. हे खरंच होतं. पण पुढचं ऐकून मी कपाळाला हात लावला. ज्या वस्तूपायी लोक दुकानं रिकामी करायलेत तिचा भाव पडत नसतो, कापसाचं बघितलं ना आपण! मी भांडले. त्यांनी ठेव मोडली, कापसाचे पैसे घातले आणि सगळ्याची नाणी घेतली.

नाणं चढलं. ऑपरेशन भागून वर उरेल इतकं चढलं. मी म्हटलं काढा, आई म्हणाली काढा. बाबा म्हणाले, कापूसही तुम्ही पहिल्याच दराला विकायला निघाला होतात. मग ते जे घसरलं ते घसरतच गेलं. बाबा उठल्या उठल्या मोबाइल बघायचे, येईल वर म्हणायचे. पुढं पुढं तो उघडेनासेच झाले.

त्याच सुमारास दुकानदाराचा फोन आला. नाणी करणाऱ्यांनी काढून टाकलेली वापरलेली कार्डं ढिगानं आलीत, स्वस्तात घेऊन जा. आणलं. मशीन झकास चालायला लागलं, आणि मी त्याच्यासमोर बसून रडले. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि तो बाबांचा होता.

पुढच्या दिवाळीनंतर त्याच खोलीत पुन्हा कापूस. भाव उतरलेला, आणि बाबा म्हणाले, थांबू. एका सकाळी दारात व्यापाऱ्याचा टेम्पो आणि काटा येऊन उभा राहिला. माझ्याच फोनवरून तिनं बोलावलं होतं. उंबऱ्याजवळ खुर्ची टाकून ती बसली होती.

"एवढी घाई कशाला करायलीस?" बाबा म्हणाले. "संक्रांतीनंतर चढंल."

"भाव तुमी बघा," आई म्हणाली. "मला चालायचंय."

बाबा आत गेले आणि स्वतःच कापूस भरायला लागले.

तो कापूस, माझी लग्नसराईची कमाई आणि नाण्यांचं जे काही उरलं ते मिळून एकाच गुडघ्यापुरतं जमलं. डॉक्टर म्हणाले, चालेल, दुसरा नंतर करू. आधी कोणता करायचा?

आईनं बाबांकडं बघितलं. "थांबायची सवय यांना हाय," ती म्हणाली. "कोणत्या पायानं थांबायचं, यांनाच इचारा."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. डॉक्टर पेन धरून वाट बघत होते. शेवटी मीच उजवा म्हणून सांगितलं.