कंबर छत्तीस, गळा पंधरा

आमच्या घरात इंग्रजी शब्द म्हणाल तर एकच होता, पण सगळं घर त्याच्यावर चालायचं. माझे वडील कारखान्यात फिटर होते. मी तलासरीच्या बाजारात कपडे शिवते आणि माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘फिटिंगची हमी’ असं लिहिलेलं आहे. आमचे हे एका शाळेची बस चालवायचे, आणि त्या बसला दर वर्षी फिटनेसचा दाखला लागायचा. दाखल्याचे दिवस जवळ आले की ब्रेक, दिवे, वायपर, हॉर्न यांच्याशिवाय ह्यांना दुसरा विषय सुचायचा नाही. मी म्हणायची, “एवढी माझी चौकशी केली असती तर?” हे म्हणायचे, “तुला कुठं दाखला लागतो?”

शब्द एकच, पण ज्याच्या त्याच्या तोंडी त्याचं माप वेगळं. पाड्यावरच्या पोरी लग्नाचा ब्लाऊज टाकताना सांगतात, “ताई, एकदम फिट पायजे.” सहा महिन्यांनी तोच ब्लाऊज पुढ्यात टाकून म्हणतात, “ताई, फिट होतो, जरा सैल कर.” गुजराती गिऱ्हाईक “बेन, आ फिटिंग बराबर नथी” म्हणत दारात उभं राहिलं की माझं डोकं फिरतं, कारण चूक बहुतेक वेळा माझी नसते, दिवाळीच्या फराळाची असते. रोज व्यायाम करणारा माणूस फिट असतो. आणि जमिनीवर पडून हातपाय झाडतो त्यालाही फिटच आलेली असते. चांगल्या तब्येतीला आणि भीती वाटावी अशा दुखण्याला एकच शब्द कसा पुरतो, हे मला लहानपणापासून कोडं होतं.

त्यात आपलं मराठी फिटणं आणखी निराळं. गाठ फिटते, शंका फिटते, डोळ्यांचं पारणं फिटतं. इंग्रजीतलं फिट म्हणजे आवळून बसलेलं, आपलं फिटलं म्हणजे सुटलेलं. मला ही दोन सख्खी भावंडं वाटायची. शाळेतल्या बाई म्हणाल्या, “अगं, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही,” तेव्हा मी चांगली दोन दिवस रुसले होते.

पण सांगायचंय ते ह्यांच्या पँटबद्दल.

माझ्या मापाच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान असतं. ह्यांचंही आहे. नवरा म्हणून सवलत नाही. २०१६ साली जूनमध्ये शाळा उघडताना मी ह्यांना खाकीचे दोन जोड शिवले आणि पानावर लिहिलं, कंबर छत्तीस, छाती चाळीस, गळा पंधरा. पँटच्या शिलाईत नेहमीपेक्षा थोडी जास्तच माया ठेवली. माया म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, पुढे माणूस सुटला तर पँट सोडता यावी म्हणून. चाळिशी उलटलेली, दिवसभर बसून काम, पोट सुटणारच असा माझा अंदाज होता.

झालं उलटंच. गणपतीच्या सुमाराला पँट कमरेत ढिली झाली. मी आत घेतली. दिवाळीला पुन्हा ढिली, पुन्हा आत घेतली. संक्रांतीला तेच. रविवारी सकाळी हे चहा घेत उभे असायचे, मी टेप लावायची, खडूची खूण करायची आणि मशीनवर दोन मिनिटांत काम उरकायची. पँट परत अंगावर चपखल. मला वाटायचं, यंदा खाकीचं ठाणच हलकं आलंय, धुण्यात ताणतंय. शर्टाची तऱ्हा उलटी. त्याचं वरचं बटण लागेना. हे म्हणाले, गळ्याशी आवळतं. मी म्हटलं, कॉलर आटली असेल. बटण सरकवून दिलं आणि वहीत लिहिलं साडेपंधरा. पुढच्या वेळी सोळा.

एकाच ठाणातलं कापड पँटमध्ये ताणतं आणि शर्टात आटतं, हा चमत्कार मला खटकायला हवा होता. पण माझी हुशारी आड आली. कपडा बसत नाही असं दिसलं की माझा हात आधी कपड्याकडे जातो. आतल्या माणसाकडे बघायचं राहून जातं.

तसे हे जेवतही होते दुपटीने. भाकरी वाढता वाढता माझा हात दुखायचा. भूक लागतेय म्हणजे तब्येत ठणठणीत, असं आमच्याकडे कुणीही सांगेल. जानेवारीच्या थंडीत पंखा लावून बसायचे. बशीतला चहा सांडायचा आणि मी डाफरायची, “लक्ष कुठंय तुमचं?” बाजारात लोक विचारायचे, “ड्रायव्हरसाहेब, काय फिट दिसताय! जिम लावली काय?” हे हसायचे. मी मनातल्या मनात म्हणायची, जिम कसली, माझी शिलाई आहे ती.

मार्च महिन्यात एका सकाळी बसवरच्या मावशींचा फोन आला. मुलांना चढवायला-उतरवायला बसमध्ये असतात त्या, पलीकडच्या पाड्यावरच्या. “ताई, लवकर ये. भाऊला फिट आली. थरथरला नि पडला. मीनी कांदा फोडून नाकाशी धरला, आता बोलतो तो.”

दुकान तसंच टाकून मी धावले. हे बसच्या पायरीवर बसले होते. कपडे ओले, तोंड पांढरं, अंगाला कांद्याचा वास. मुलांना उतरवून झाल्यावर बस धूत होते, तेवढ्यात पडले. “काही नाही गं, घेरी आली,” हे म्हणाले. पण मावशींनी तोवर सगळ्यांना सांगितलं होतं, फिट आली. तो शब्द माझ्या आधी शाळेत पोचला होता.

मुख्याध्यापक सर भला माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, “वहिनी, राग मानू नका. पण फिट येणाऱ्या माणसाच्या हातात मुलं देता येत नाहीत. डॉक्टरांचा फिटनेस आणा. तोवर दुसरा ड्रायव्हर बघतो.” मला भांडायचं होतं. पण माझी पोरं त्या बसमध्ये असती तर मीही हेच म्हणाले असते. ह्यांनी खिशातून किल्ली काढली, ओल्या शर्टाला पुसली आणि सरांच्या हातात दिली.

आमच्या आळीतून ती बस सकाळी सातला जाते. वळणावर हॉर्न वाजला की हे उठून मागच्या पडवीत जायचे. वीस वर्षं बस चालवलेला माणूस. कुठल्या पाड्यावरचं कुठलं पोर चप्पल विसरतं, कुणाला खिडकीशी बसवलं नाही की उलटी होते, हे सगळं तोंडपाठ. चौथ्या दिवशी मला म्हणाले, “फिट असेल तर संपलंच ना गं? परत नाहीच देणार कुणी गाडी.” मी म्हटलं, “काही होत नाही.” मला स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं. गावातल्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं, ती फिट नव्हती असं मी लिहून देणार नाही, डहाणूला मोठ्या डॉक्टरांना दाखवा.

आम्ही एसटीने डहाणूला निघालो. विवळवेढ्याजवळ हायवेवरूनच ह्यांनी महालक्ष्मीला हात जोडले. एरवी गाडी चालवताना नुसती मान लववायचे, दोन्ही हात मोकळे म्हणून त्या दिवशी नीट जोडता आले. ते बघून मला रडू आलं आणि मी खिडकीकडे तोंड केलं.

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, घाई नसलेल्या. पडण्याआधी काय झालं, नंतर काय आठवतं, जीभ चावली होती का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, “वजन कमी झालंय का अलीकडे?”

“नाही,” हे ठामपणे म्हणाले. “वर्षभर तेच कपडे घालतोय. एकदम फिट बसतात. ही बघा पँट.” आणि उभे राहून दाखवलीसुद्धा.

मी जागच्या जागी गार झाले. ती पँट मी तीनदा आत घेतली होती. कापड ताणतंय असं मीच सांगितलेलं, म्हणून ह्यांना वाटत होतं पँट तीच, म्हणजे आपणही तेच. खरे आकडे मला एकटीला माहीत होते, आणि मी ते शिलाईत शिवून टाकले होते. ह्यांच्यासमोर ते बोलायची मला लाज वाटली. तरी बोलले. “बाई, मी टेलर आहे. मीच पँट कमी करत गेले.”

“किती?” त्यांनी विचारलं.

मापाची वही माझ्या पिशवीत असतेच. ह्यांचं पान काढलं आणि वाचायला लागले. जूनला कंबर छत्तीस. गणपतीत साडेचौतीस. दिवाळीत तेहतीस. संक्रांतीला साडेएकतीस. प्रत्येक आकडा वाचताना माझा आवाज खाली जात होता. बाई लिहून घेत होत्या. छातीही वाचली. मग गळा. पंधरा, साडेपंधरा, सोळा.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “गळा वाढला? नक्की?”

“माझं माप चुकत नाही,” मी म्हटलं. त्या परिस्थितीतही मला तेवढा राग आलाच.

त्या उठल्या, ह्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांची बोटं गळ्यावर ठेवली. पाण्याचा पेला हातात दिला. “घोट गिळा. आणखी एक.” मग ह्यांना हात पुढे करायला सांगून बोटांवर एक कागद ठेवला. कागद थरथरत होता. मग नाडी बघितली, छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली.

“रक्त तपासल्याशिवाय छातीठोक सांगत नाही,” त्या म्हणाल्या, “पण मला ही फिट वाटत नाही. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी जास्त काम करतेय. खाल्लेलं सगळं जळतंय, म्हणून वजन उतरतंय. हात थरथरतात, घाम येतो, काळीज पळत सुटतं. ते फार पळालं आणि त्या दिवशी घेरी आली. गोळ्यांनी बरं होतं हे.”

“आणि गाडी?” ह्यांनी विचारलं. आजाराबद्दल एक शब्द नाही.

“सगळं ताब्यात आल्यावर. घाई करायची नाही.”

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. बाईंचं खरं निघालं. मी दवाखान्याच्या बाकावर बसले. देवा, एवढंच होतं! बाजूला बसलेल्या बाईने विचारलं, “चांगली बातमी आहे का?” मी तिचा हात धरून हो म्हटलं. कोण कुठली बाई, पण तिनेही माझा हात दाबला. शंका फिटणं म्हणजे काय ते मला त्या बाकावर कळलं. घट्ट मारलेली गाठ खरोखरच सुटल्यासारखं अंग हलकं झालं होतं.

ह्यांनी मला दोष दिला नाही. मीच देत होते. एका रात्री जेवताना म्हणाले, “तू पँट आत घेतलीस ते खरं. पण लिहूनही ठेवलंस ना? मी तर आरशातसुद्धा बघत नव्हतो.” तेवढ्यावर विषय संपला.

गोळ्या सुरू झाल्या. महिनेच्या महिने गेले. हे घरात लुंगीवर असायचे, शेजाऱ्यांच्या सायकली दुरुस्त करायचे, माझ्या दुकानाचं शटर उघडून द्यायचे. खाकीचे जोड पत्र्याच्या पेटीत पडून होते. ते काढायची हिंमत दोघांनाही नव्हती. डहाणूच्या फेऱ्यांत प्रत्येक वेळी रक्त, प्रत्येक वेळी “अजून थोडं थांबू.” जूनमध्ये शाळा उघडली ती दुसऱ्याच ड्रायव्हरवर. सातचा हॉर्न वाजायचा, पण हे आता पडवीत जात नव्हते. ओट्यावर उभे राहून मुलांना हात करायचे.

दिवाळीची सुट्टी संपता संपता बाईंनी कागदावर लिहून दिलं. गाडी चालवण्यास फिट. खाली सही, शिक्का. परत येताना ह्यांनी तो कागद चार वेळा उघडून वाचला. सरांनी लगेच सांगितलं, सोमवारपासून या.

सोमवारी पहाटे मी चहा टाकत होते. आतून हाक आली, “अगं, इकडे ये जरा.” आवाज चिडका होता. मी गेले. हे पेटीतली खाकी पँट चढवून उभे, दोन्ही हातांनी कमरेशी झटापट चाललेली. हुक आणि काजाच्या मध्ये चांगलं सहा बोटं अंतर. “काय शिवलंयस हे? बसतच नाही. म्हणे फिटिंगची हमी!”

एवढ्या वर्षांत फिटिंगच्या शेकडो तक्रारी ऐकल्या, पण गिऱ्हाइकाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले ती ही एकदाच. हे घाबरले. “अगं, नसेल होत तर राहू दे, मी दुसरी घालतो.”

“दुसरी पण अशीच आहे,” मी म्हटलं आणि रडता रडता हसायला लागले.

मशीनशी बसले. शिलाईच्या तिन्ही ओळी एकेक करून उसवल्या. आत दडलेलं कापड बाहेर आलं. बाकीची पँट धुऊन विटली होती, हे पट्टे मात्र नवेकोरे, गडद. अगदी काठोकाठ पुरलं. हुक लागला. मागच्या बाजूला तीन गडद रेघा दिसत होत्या. मी म्हटलं, “आठ दिवस थांबा, नवी शिवते.” हे म्हणाले, “हीच बरी आहे.”

कागद खिशात घालून हे गेले. सातला वळणावर हॉर्न वाजला. नेहमी एकदा वाजतो, त्या दिवशी तीनदा वाजला. मी ओट्यावरून हात केला आणि आत येऊन वहीत ह्यांचं पान काढलं. निघण्याआधी उभ्या उभ्या टेप लावून घेतला होता. कंबर छत्तीस, गळा सव्वापंधरा. पाव इंचाबद्दल माझी काही तक्रार नव्हती.