अॅक्रिलिकला स्पिरिट चालत नाही

क्षमा करावी, असं आमच्या विहारात दर रविवारी सांगतात. मी पुढच्या रांगेत बसते, मान हलवते, आणि मेस्त्रीला मात्र अजून क्षमा केलेली नाही. तो जाऊन बरीच वर्षं झाली, तरीही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोहोपाड्याजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये मी कामाला होते. तिथे अॅक्रिलिकच्या वस्तू बनत. दुकानांच्या पाट्या, घड्याळांची झाकणं, केमिकल कारखान्यांसाठी पारदर्शक टाक्या. दिसायला काचेसारखं स्वच्छ, वजनाला काचेच्या निम्मं, पडलं तरी सहसा न फुटणारं ते प्लॅस्टिक मला पहिल्या दिवसापासून आवडलं. करवतीने कापता येतं, तापवलं की वाकतं, सांध्यात क्लोरोफॉर्मचा थेंब सोडला की दोन तुकडे एकजीव होतात. पण नखरेही भारी. खरखरीत फडक्याने पुसलं की ओरखडे, भट्टी जास्त तापली की आत बुडबुडे. आणि स्पिरिट तर त्याचा वैरीच. वाकवलेल्या जागी ताण राहिलेला असतो, तिथे स्पिरिट लागलं, तर थोड्याच वेळात बारीक भेगा उमटतात आणि त्या कशानेही जात नाहीत. एका जुन्या कारागिराने वाया गेलेला डबा दाखवून मला हे शिकवलं होतं. पुसायचं ते साबणाच्या पाण्याने, मऊ मलमलीने. ते काम कायम माझ्याकडे होतं.

मेस्त्री नवीन आला, तो शेठच्या ओळखीने. आधी कर्जतला त्याचं फोटोंना फ्रेमा करायचं दुकान होतं, त्यामुळे अॅक्रिलिकलाही तो काचच म्हणायचा. आमचं घर बौद्ध, हे त्याने पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं. त्यानंतर माझा चहाचा पेला खिडकीत वेगळा राहू लागला. ते मी विसरले नाही.

तेव्हा आम्हाला सहा महिने भरत आले की ब्रेक मिळायचा. आठ-दहा दिवस घरी बसायचं आणि पुन्हा नव्याने लागायचं, म्हणजे मालकाला परमनंट करावं लागत नाही. माझे असे तीन ब्रेक झाले होते. त्या वर्षी शेठ एका माणसाला परमनंट करणार होता आणि नाव मेस्त्रीने सुचवायचं होतं. शेडमध्ये सगळ्यांना वाटत होतं, माझंच जाईल. मलाही वाटत होतं.

मग एका दुपारी मेस्त्रीने भट्टी वाढवून ठेवली आणि तो चहाला गेला. आतली सगळी शीट पापडासारखी फुगली. शेठला त्याने सांगितलं, "बाईचं लक्ष नव्हतं." चोराच्या उलट्या बोंबा! शेठने मला बोलावून विचारलंसुद्धा नाही. परमनंटसाठी मेस्त्रीने आपल्या भाच्याचं नाव पुढे केलं. भाचा महिनाभरापूर्वी आलेला, त्याला करवत सरळ धरता येत नव्हती. त्या संध्याकाळी चालत घरी जाताना मी रडले, ते दुःखाने नव्हे, संतापाने. याला सोडायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

दसऱ्यानंतर शेठ त्या नावावर सही करणार होता. नवरात्रात एका कारखान्याच्या प्रयोगशाळेसाठी टाकी करायची आली, हातभर लांबीची, गोल कोपऱ्यांची. ती वाकवली मी, जोडली मी, कडा घासून चकचकीत केल्या मी. शेवटी अशी वस्तू भट्टीत मंद आचेवर काही तास ठेवून तिच्यातला ताण उतरवावा लागतो. मी तसं म्हटलं.

"मला शिकवू नको गं," मेस्त्री म्हणाला. "खंडेनवमीला साहेब येतोय न्यायला. टाईम नाय."

आणि शेठला जाऊन सांगितलं की टाकी आपण बनवली. आयत्या बिळावर नागोबा.

खंडेनवमीला शेडमध्ये यंत्रांची पूजा असे. करवत, भट्टी, अगदी नट आवळायचे पानेसुद्धा पुसून, झेंडू वाहून मांडत. टाकी मधोमध पाटावर ठेवली. मी रोजच्यासारखी साबणाचं पाणी आणि मलमल घेऊन पुढे झाले.

"आज तू हात लावू नको," मेस्त्री सगळ्यांसमोर म्हणाला. "पूजेची हाय ती. मी पुसतो. स्पिरिट कुठं हाय?"

हत्यारं पुसायच्या स्पिरिटची बाटली माझ्याच हाताशी, फळीवर होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. टाकीत माझे पाच दिवस होते, तिच्यासाठी जीव तुटत होता. तरी मी बाटली उचलली आणि त्याच्यापुढे जमिनीवर ठेवली. हातात दिली नाही, उगाच त्याला विटाळ नको. मग भिंतीला टेकून उभी राहिले.

त्याने अगदी मन लावून पुसलं. कोपरे तर दोनदा.

नारळ फुटला, आरती झाली, साहेब आला. शेठ कौतुकाने म्हणाला, "आमच्या मेस्त्रीने बनवलीय." साहेबाने वाकून पाहिलं आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. चारही कोपऱ्यांत केसासारख्या भेगांचं जाळं पसरलं होतं, उजेडात लखलखत होतं.

"हिला कोणी हात लावला होता?" शेठने विचारलं.

मेस्त्रीची नजर सरळ माझ्यावर आली. मी वाटच पाहत होते. पण त्याचं सकाळचं बोलणं सगळ्या शेडने ऐकलं होतं.

"मीच पुसली," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाय."

एवढं गोड वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

साहेबाने आठ दिवसांची मुदत दिली. मेस्त्रीला टाकी वाकवता येत नव्हती, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. शेठ गेल्यावर तो माझ्याजवळ आला. "आता काय करायचं गं?"

"परमनंटसाठी माझं नाव द्या," मी म्हटलं. "सही झाली की शीट कापायला घेते."

त्याने नाव दिलं. सही झाली. मी टाकी केली, आणि भट्टीत हवा तेवढा वेळ ठेवली.

पुढच्या वर्षी पुन्हा एक टाकी पूजेला मांडायची होती. मेस्त्री आदल्या दिवशी स्वतः मलमल घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. "उद्या तूच पूस गं. माझा हात नको."

मी रजेचा अर्ज त्याच्या हातात ठेवला. परमनंट माणसाला भरपगारी रजा मिळते.