परदेशी पैसा आणि एका टोळीचे जबाब

पोलीस खात्यात इतके गुन्हे पाहिले की निम्मे आता आठवतही नाहीत. ही घटना मात्र आजही आठवते, आणि आठवली की छाती फुगते.

निवडणूक तोंडावर होती. परभणीजवळच्या आमच्या ठाण्यात सकाळची हजेरी संपते न संपते तोच एक ऊसतोड करणारी बाई आली. खुर्ची दिली तरी उभीच राहिली.

"साहेब, माझ्या खात्यात बाहेरदेशातून पैसे यायलेत. आमचं तिकडं कुणीच न्हाई. कार्ड मुकादमाकडं हाय."

हा मुकादम ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यावर न्यायचा आणि आगाऊ पैशांची उचल देताना त्यांची एटीएम कार्डं ठेवून घ्यायचा. बँकेत चौकशी केली, तर साऱ्या टोळीच्या खात्यांवर तोच प्रकार! पैसे तो काढायचा आणि एका उमेदवाराच्या प्रचारात उधळायचा. उमेदवाराला परदेशी पैसा घ्यायला कायद्याने बंदी आहे. पण गुन्हा शाबीत करायला मजुरांचे जबाब हवे होते, आणि मुकादमाविरुद्ध बोलणाऱ्याला पुढे कुठलाच मुकादम कामावर नेत नाही. बाईला हे पक्कं ठाऊक होतं.

मुकादम चौकशीत भलताच निर्ढावलेला. माझाच चहा पिऊन मलाच म्हणाला, "पैसा कुठला का असंना, लोकायला काय घेणंदेणं? गावाला इचारा की, कुणाला वाईट वाटायलंय का!"

आरोपीने इतका चांगला सल्ला मला कधी दिला नव्हता. तडक गाव गाठलं, पारावर माणसं जमवली आणि त्याचाच प्रश्न विचारला. मग ती बाई उठली.

"आमदार आमी निवडायचा. पैसा तिकडच्यानं लावला, तर आमदार त्याचंच ऐकंल. आमच्या पाण्याचं कोण बघंल? लिहा साहेब, माझा जबाब पयला."

तिच्यामागून एक म्हातारा उठला. तो त्याच उमेदवाराचा कट्टर माणूस. "मत त्यालाच देणार, पण बाहेरचा पैसा नगं. माझं बी लिहा."

दुपारपर्यंत अख्ख्या टोळीने जबाब दिले. ते वाचून दाखवताच पैसा कोणामार्फत आला ते मुकादमाने घडाघडा सांगितलं. पुढे कोर्टात एकही साक्षीदार फितूर झाला नाही. मुकादमाला शिक्षा झाली.

लोकांना कशाचंच काही वाटत नाही, असं आम्ही अधिकारीही चहा पिताना सहज बोलून जायचो. त्या दिवसापासून मी ते वाक्य सोडलं.

पुढच्या हंगामाला दुसरा मुकादम गाडी घेऊन आला. म्हणाला, टोळी नेतो, ती बाई सोडून. टोळीने सांगितलं, "आधी ती गाडीत बसंल, मग आमी."

मुकादमाने स्वतः उतरून तिला जागा करून दिली.