चुन्याच्या ठिपक्याची गोवरी

परसातल्या मातीच्या भिंतीवर, उन्हानं करडी पडलेली, मधोमध चुन्याचा पांढरा ठिपका आणि अंगावर आईच्या चार बोटांचे खोल ठसे असलेली एक गोवरी... औरादजवळचं आमचं ते घर आठवायला बसले की दार, छप्पर, ओटा काहीही आधी डोळ्यांपुढे येत नाही; येते ती ही गोवरी. आणि मी पुन्हा लहान पोर होऊन जाते, स्वतःच्या पोरींना दटावून मोठं केल्यावरही.

ती जाळायची गोवरी नव्हती, ठिपका त्याचीच खूण. तिच्या पोटात दोडक्याचं बी होतं. ओल्या शेणात बी थापून भिंतीला वाळवलं की त्याला वर्षभर कीड लागत नाही. आमच्या गल्लीतल्या चौदा घरांचा मिळून ओढ्याकाठी भाजीचा मळा होता. राखायची सुभद्राक्का. बाकीच्यांनी मृगाच्या आधी, हंगाम धरायच्या दिवशी, खताची पाटी आणि आपापल्या घरचं बी घेऊन जायचं. मग हंगामभर, बाजाराच्या आदल्या दिवशी, प्रत्येक घरी भाजीची पाटी यायची. एका घरी वांग्याचं बी, एका घरी गवारीचं, आणि आमच्याकडे दोडक्याचं — आईनं लग्नात हळ्ळीखेडहून पदराला बांधून आणलेलं. आखूड, पांढुरका, शिजला की लोण्यासारखा होणारा दोडका. गल्लीत आईला नावानं कुणी हाक मारत नसे. ती ‘दोडक्याची वैनी’ होती, आणि त्या नावावर ती राणीसारखी चालायची.

ही गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितली आहे की दरवेळी तिच्यातलं माझं वय कमी होत गेलं. गेल्या दिवाळीला तर मी चार वर्षांची होते. खरं सांगायचं तर नऊ पूर्ण झाली होती. चांगलं कळत होतं.

हंगाम धरायला आठ दिवस होते. सकाळी आई म्हणाली, “पाणी तापव, गोवरी आण.” गोवऱ्यांचा ढीग परसाच्या कोपऱ्यात, आणि त्यात आदल्याच दिवशी विंचू निघालेला. तो काळा, शेपटी उगारलेला विंचू माझ्या मनातून हलेना. ढिगात हात घालायची छाती होईना. भिंतीवरची गोवरी मात्र एकटी, स्वच्छ, हाताशी. ठिपका मी पाहिला का? आता वाटतं, पाहिला असणार... पण विंचू मोठा होता.

चुलीत जाळ धरला. आणि मग — तड्. तड्. तड् तड्.

भाजल्या बियांचा खमंग वास घरभर पसरला. ओट्यावरून अप्पा म्हणाले, “काय भाजायलीस गं? वास झकास सुटलाय.” मी चिमट्यानं ओढून काढेपर्यंत बी काळं पडून फुटलं होतं. मागून आईची हाक, “कामून बसलीस तशी चुलीम्होरं? ताप आलाय का?”

“न्हाई,” मी म्हणाले. आणि काळं बी राखेत ढकललं.

पुढचं शहाणपण माझं एकटीचं. दुपारी शेण आणलं, गोवरी थापली, आत सागरगोट्यांच्या डब्यातले चिंचोके भरले, वर चुन्याचा ठिपका दिला आणि ओल लपावी म्हणून राख चोळली. दोन दिवसांच्या उन्हात ती हुबेहूब झाली, असं मला वाटलं. मग सुरू झाली ती भीती. कुत्रं भिंतीजवळ गेलं तरी मी धावत जाऊन हाकलायची, सुभद्राक्का दारात दिसली की परसात पळायची. हंगामच येऊ नये, असं मागणारं त्या गल्लीतलं मी एकमेव माणूस असेन.

तो दिवस उजाडलाच. मळ्यात नांगरल्या मातीचा आणि खताचा उबट वास, दोडक्यासाठी उभारलेला नवा मांडव, आणि त्याखाली चौदा घरं. “जयभीम अक्का,” म्हणत आईनं पाटी उतरवली, गोवरी काढून सगळ्यांसमोर मोडली. मातीत चिंचोके सांडले.

बायका वाकून पाहू लागल्या. मग म्हातारे कोंडाबाकाका म्हणाले, “वैनी, औंदा मांडवावर चिंच चढवायली व्हय?”

सगळे खदखदून हसले. आई हसली नाही. हातातला तुकडा ती उलटसुलट करून पाहत राहिली. मला वाटलं, आता बोलावं... आणि मांडवाच्या खांबाआड सरकले. आईनंच मान खाली घालून सांगितलं, “माझंच चुकलं, अक्का. औंदा बी धरलंच न्हाई मी. पोरीनं खेळायला केलेली गोवरी आणली वाटतं.”

घरी येईपर्यंत ती माझ्यापुढे चालत राहिली. ओट्यावर बसून तिनं पदरातून तो तुकडा काढला, माझा हात धरला आणि त्यावरच्या ठशांत माझी बोटं ठेवली. चार लहान ठसे. बोटं बरोब्बर बसली.

“मळ्यात बोलायचं व्हतं,” एवढंच म्हणाली. मारलं असतं तर सुटले असते.

हळ्ळीखेडला मामांकडे निरोप गेला. त्यांनी ते बी केव्हाच सोडून दिलं होतं. मांडव हंगामभर उघडा राहिला. अक्कानं त्याच्यावर दुसरा वेल चढवला नाही, मोडलाही नाही. भाजीची पाटी दर आठवड्याला येत राहिली, आणि आईला सगळे नुसतं वैनी म्हणू लागले.

आज आई नाही, मळाही नाही. माझ्या घरी फोडणी नवरा करतो. मी आळशी आहे, असं तो पाहुण्यांना हसत सांगतो, आणि मीही हसते. तेलात मोहरी पडली, पहिली तडतड उठली, की मी हळूच गॅलरीत जाऊन उभी राहते... ती थांबेपर्यंत.