फ्लेक्सवरचं ‘प्रा.’

महिला दिनाच्या कार्यक्रमाचं निमंत्रण आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर आलं, आणि त्यात माझ्या नावाआधी ‘प्रा.’ छापलं होतं. मी बारावी नापास. पण पुस्तक लिहिलंय म्हणजे बाई कुठंतरी कॉलेजात शिकवत असणार, असं आपल्याकडं लोक धरूनच चालतात. एक फोन केला असता तर दुरुस्त झालं असतं. मी मात्र हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि गप्प बसले. खोटं कशाला बोलू, वाचून बरं वाटलं होतं.

पुस्तक माझं मीच छापलेलं. मालक फौजेत असताना गावाकडं एकटीनं काढलेली वर्षं त्यात आहेत. छापून आलेले गठ्ठे दिवाणाखाली लावले तेव्हा कळलं, की आता विकायचंही मलाच. मग हळदीकुंकू म्हणू नका, भिशी म्हणू नका, शाळांची गॅदरिंगं म्हणू नका, जिथं चार बायका तिथं मी पिशवी घेऊन हजर.

त्याच काळात मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसले होते. लग्न ठरलं म्हणून मला अकरावीतून काढलं होतं, आणि ते दुखणं पन्नाशीला आले तरी गेलं नव्हतं. बाकीचे विषय सुटले. अर्थशास्त्र दोनदा राहिलं. पहिल्या वेळी पेपरच्या आदल्या दिवशी मी विट्याला पुस्तकाचं टेबल मांडून उभी होते, दुसऱ्या वेळी अभ्यासालाच हात लागला नव्हता. मालक म्हणाले, “एक तर पुस्तक वीक, न्हाईतर पुस्तक वाच. दोन्ही हुईत न्हाई तुला.” माझं डोकं सणकलं. मी म्हणाले, “या वेळी नाही सुटला तर पुन्हा फॉर्म भरणार नाही, बघाच तुम्ही.” बोलून गेले आणि अडकले.

पेपर नेमका कार्यक्रमाच्या दिवशी निघाला. पेपर कराडात दुपारी तीनला, अडीचच्या आत गेटमध्ये पाहिजे. कार्यक्रम कडेगावच्या पुढच्या एका गावात, सकाळी दहाला. ज्यांनी बोलावलं होतं त्या निवृत्त मुख्याध्यापिका. गावातल्या सगळ्या बचत गटांच्या त्याच आधार, आणि त्यांना सगळे बाईच म्हणतात. “बारापर्यंत मोकळ्या कराल ना?” मी फोनवर विचारलं होतं. “अहो, साडेअकरालाच,” बाई म्हणाल्या. शे-दीडशे बायका येणार होत्या. माझा लोभ काही सुटेना.

पुस्तकांचा गठ्ठा घेऊन मी आणि मालक देवळाच्या सभामंडपात दहाला पोचलो. फ्लेक्सवर माझा फोटो, खाली ते ‘प्रा.’, निमंत्रणातल्यापेक्षा चौपट मोठं. मालकांनी एकदा फ्लेक्सकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. “हे कवा झालं?” म्हणाले. मी कानाडोळा केला.

अध्यक्षा येईनात. एका पुढाऱ्याच्या घरच्या ताई त्या, त्यांच्याशिवाय समई लावायची कशी? अकरा वाजले. साडेअकरा वाजले. बायका पदरानं वारा घेत बसलेल्या. मी स्टेजवर मांडीवर पर्स ठेवून, पर्समध्ये हॉल तिकीट आणि दोन पेन. मागणीचा नियम मनात घोकत होते, पण अर्ध्यात तुटत होता. बाराला ताई आल्या. मग समई, स्वागतगीत आणि सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, गुलाब, फोटो. पुन्हा शाल, नारळ. कुणाचं नाव राहिलं म्हणून ते मधेच. माझं भाषण सगळ्यात शेवटी ठेवलेलं.

मालक खांबाला टेकून उभे होते. फौजेतला माणूस, फार तर एकला निघायचं ठरलं म्हणजे एकलाच. एक वाजता त्यांनी घड्याळावर बोट ठेवलं. एक वाजून पाच मिनिटांनी दोन बोटं ठेवली.

उठायचं तर कारण सांगायला लागणार होतं. आणि त्या फ्लेक्सखाली उभं राहून ‘मला बारावीच्या पेपरला जायचंय’ म्हणायची माझी छाती होईना. मी शेजारी बसलेल्या बाईंच्या कानाशी लागले. “आमच्या सासूबाई पडल्यात. आत्ताच फोन आला. निघायलाच पाहिजे.”

बाईंनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. “कुठल्या सासूबाई?” हळूच म्हणाल्या. “तुमच्या पुस्तकात तर त्या वारल्या. ते पान वाचून मी रडले होते.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या गावांत पुस्तक घेऊन फिरले, ‘वाचलं का, वाचलं का’ म्हणून लोकांचा जीव खाल्ला, आणि ज्या एका बाईनं खरंच शेवटपर्यंत वाचलं तिच्याशीच मी तोंडावर खोटं बोलले. पर्स उघडून हॉल तिकीट त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी चष्मा खाली घेऊन ते नीट वाचलं. विषय वाचला, वेळ वाचली.

“ते ‘प्रा.’ कुणी लिहायला सांगितलं?”

“कुणीच नाही. मी खोडलं नाही.”

मला वाटलं, आता ही बाई रागावणार. रागावल्याच त्या, कपाळावरची शीर दिसायला लागली. पण ताईंचा सत्कार मधेच थांबवून त्यांनी माईक ओढला आणि माझ्या हातात दिला. “एक मिनिट आहे तुमच्याकडं. खरं काय ते सांगा आणि निघा.”

लिहून आणलेलं भाषण पर्समध्येच राहिलं. “मी प्राध्यापक न्हाई,” मी म्हणाले. “फ्लेक्सवर चुकून पडलंय आणि मी ते खपवून घेतलं. मी अकरावीतनं शाळा सोडलेली बाई हाय. बारावीचा एक पेपर दोनदा नापास झालीया. आज तिसऱ्यांदा हाय. अडीचला कराडात गेट बंद हुतंय.”

ताईंच्या खांद्यावर अर्धीच शाल. मग मधल्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, “आवं मग बोलत काय बसलायसा? पळा की!”

आणि अख्खा मंडप उठला. कुणी सतरंज्या ओढून वाट केली, कुणी माझ्या चपला आणून पायापुढं टाकल्या. मालकांनी गाडीला किक मारलीच होती.

सुर्लीच्या घाटात पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, एकामागं एक. मी मागं बसून रडत होते आणि मालकांना शिव्या देत होते. ते बिचारे फट दिसली तशी गाडी घालत होते. गेटवरचा शिपाई कडी लावायलाच हात घालत होता. मी पर्ससकट आत घुसले.

पेपर बरा गेला. एक प्रश्न सोडून दिला, बाकी लिहिलं.

घरी पोचून चहा टाकला तोवर बाईंचा फोन. पहिलंच त्या म्हणाल्या, “तुमचा पुस्तकांचा गठ्ठा इथंच राहिलाय. एकही गेलं नाही, कुणी हातसुद्धा लावला नाही.” मला वाईट वाटलं, अगदी खरं सांगते. दीडशे बायका, आणि एकीलाही घ्यावंसं वाटलं नाही.

“अहो, ऐकताय ना?” बाई म्हणाल्या. “नऊ जणी बसल्यात माझ्या ओसरीवर. दुपारपासून हलल्या नाहीत. तो फॉर्म कुठं भरायचा, विचारतात. मला काय त्यातलं माहीत नाही. काय सांगू त्यांना?”

“शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवायला सांगा,” मी म्हणाले. “बाकीचं मी येऊन सांगते.” चहा उतू जात होता तो मालकांनी उतरवला.