रुखवताचं उरलेलं भांडण

माझी नात विद्यापीठात संगीताचं एम.ए. करते. गात नाही, गाणी बांधते. गेल्या वर्षी तिनं परतूरच्या जिनिंगमध्ये उभं राहून सरकी काढणाऱ्या यंत्राचा आवाज फोनमध्ये भरून आणला आणि त्यावर पेटी वाजवली. मला कौतुकानं ऐकवलं. मी विचारलं, "छान आहे. बंद कुठून करायचं?"

यंदा शेवटच्या परीक्षेसाठी ती भांडण बांधायला निघाली होती. रुखवताच्या गाण्यांतलं. दोन बाजूंच्या बायका, दोन चाली, दोन्ही एकाच वेळी. त्यासाठी तिनं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचलं होतं. दोन सुरावटी एकमेकींना न दुखवता शेजारी कशा नांदवायच्या, ते त्यात आहे म्हणे. दुसरं पुस्तक मराठी. त्यात आमचीच गाणी छापून खाली लिहिलंय, हा स्त्रियांच्या दबलेल्या मनाचा हुंकार.

"दबलेला?" मी म्हटलं. "अगं, बँडवाले वाजवायचे थांबायचे आमच्यापुढं."

"म्हणूनच पुस्तकातलं नको मला. खरं भांडण पाहिजे. तुझं आणि जाफराबादच्या आजीचं. ते मिळालं न्हाई तर परीक्षेत नुसती पेटी घेऊन बसावं लागंल मला."

जाफराबादची आजी म्हणजे तिच्या बापाची आई. माझी विहीण. लेकीच्या लग्नापासून आम्ही बारशा-जावळापुरतं बोलतो, तेही एकमेकींकडं न बघता.

त्या लग्नातली मी म्हणजे काय विचारता! शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा टाळ्या पडल्या होत्या, तेवढ्या भांडवलावर स्वतःला कवयित्री समजत होते. लेकीच्या रुखवताचे लाडू वळायचे सोडून विहिणीवर ओळी वळत बसले. तिकडं पाक पुढं गेला. तरी बाई कढईकडं बघेना, यमक शोधतेय! सगळ्या ओळी एकाच चालीत, संथ, हेल काढून म्हणायच्या. रुखवत मांडला, बायका जमल्या, आणि मी घसा साफ केला.

*विहीणबाई आल्या बाई, मांडवाच्या दारी,*
*नथ त्यांची भारी, पण नाक आभाळावरी.*

आमच्याकडच्या बायका हसल्या. मी बक्षीस घ्यायला निघाल्यासारखा पदर सावरला. विहीणबाईंनी रुखवतातला एक लाडू उचलला, ताटाच्या कडेवर टक्‌ करून वाजवला, आणि टाळ्या देत फुगडीच्या जलद चालीत सुरू केलं.

*रुखवतात लाडू गं, लाडवाला तडा,*
*विहीणबाई सुगरण, पाट्यावर फोडा!*

मांडव हसला. आमच्याकडच्या बायकासुद्धा हसल्या, ते मी अजून विसरले नाही. रुखवतात कायदा एकच. वराकडची ज्या चालीत टाकेल, त्याच चालीत मुलीकडचीनं उत्तर द्यायचं. माझ्याकडं ओळी ढीगभर, पण त्या फुगडीत एकही बसेना. घाईनं म्हणायला गेले तर शब्द एकमेकांच्या अंगावर पडायला लागले. शेवटी कवयित्रीबाईंनी काय करावं? वऱ्हाडाला पाणी विचारत सुटल्या. बावळट!

तेव्हापासून तिच्या चालीतलं उत्तर मी घासून-पुसून तयार ठेवलं होतं. भांडी घासताना, एसटीची वाट बघताना, ओठांतल्या ओठांत. नातीला म्हटलं, "बोलव तिला."

विहीणबाई जाफराबादहून गाड्या बदलत आल्या. एवढे हाल काढत कुणी प्रेमापोटी येत नाही. मी रव्याचे लाडू केले होते, मुद्दाम मऊ. त्यांनी एक उचलला, ताटलीच्या कडेवर हलकेच आपटून पाहिला. आवाज आला नाही.

"सुधारना हाय," म्हणाल्या.

नातीनं पंखा बंद केला, कुकर उतरवायला लावला, आमच्या मधोमध माइक ठेवला. "कोण सुरू करतं?"

"पाहुणीचा मान," मी म्हटलं. मनात म्हटलं, टाक तुझी फुगडी.

विहीणबाईंनी डोळे मिटले. आणि संथ, हेल काढून, माझ्याच चालीत म्हणाल्या:

*दात गेले, केस गेले, नजर गेली बाई,*
*तुमच्या लाडवाचा खडा अजून विरघळला नाही.*

माझी चाल! बयेनं इतकी वर्षं माझी चाल घोकली होती, आणि मी बसले होते तिची घोकत. वर माझं सगळं उत्तर दातांवर होतं, आणि दात तर तिनं आधीच स्वतःहून टाकून दिले होते. पाणी विचारावं की काय, असं क्षणभर वाटलंसुद्धा.

"आजी, थांबू नको!" नात ओरडली. "तिचं चालू राहू दे. तू तिच्यावरून तुझं म्हण!"

"आन्‌ चालीचा कायदा?"

"परीक्षा माझी, कायदा माझा. म्हण!"

मी टाळी देऊन सुरू केलं.

*लाडू आमचा कडक गं, दात तुमचे किडके,*
*पेज पाजा विहिणीला, घेऊन या मडके!*

विहीणबाई थांबल्या नाहीत. मीही नाही. ती माझ्या चालीत, मी तिच्या. तिचा खडा माझ्या मडक्यात पडायचा, माझी टाळी तिच्या हेलात घुसायची. शेजारीण दारातून डोकावली आणि घाबरून परत गेली. नातीच्या डोळ्यांत पाणी. जाड पुस्तकातल्या सुरावटी काय नांदत असतील त्या असोत, आम्ही नांदत नव्हतो.

मग नातीनं भरलेलं सगळं फोनवर आम्हाला ऐकवलं. मी एकच गोष्ट कान देऊन ऐकत होते.

"शेवटी तिचाच आवाज राहतो," मी म्हटलं.

"राहणारच. ती म्हणते ती चाल संथ हाय, आजी. तुझ्या ओळी आधी संपतात."

"मंग मला आणखी दोन ओळी जोडायच्यात."

"दोन कशाला? चार जोड!" नात लगेच माइक सरळ करायला लागली.

विहीणबाईंनी दुसरा लाडू उचलला. या खेपेला वाजवलाही नाही.

"जोडा, विहीणबाई, बिलकुल जोडा," म्हणाल्या. "मी आनखी हळू म्हन्ते."