शेलने ठेवून घेतलेली किल्ली

लोसालिनीचा कुणावरच विश्वास नाही. सुवाच्या बंदरावरच्या आमच्या बोट कंपनीत ती कॉम्प्युटर सांभाळते, मी तिकिटं. चहाला उठली तरी कपाटाची कडी ओढून बघणार. शेजारच्या टेबलावरचा इसिरेली तिचा ताउवू. दोघांच्या गावांचं पूर्वापार चेष्टेचं नातं. वाट्टेल ते बोलावं, न विचारता एकमेकांच्या ताटातलं उचलावं, राग मात्र धरायचा नाही.

"काय गं म्हातारे, आज कसावा कच्चाच आणलास?"

"गिळतोयस तर गपचूप गीळ, मेल्या!"

त्या दिवशी बेटांवरच्या प्रवाशांना मेसेज पाठवणारा नवा प्रोग्राम सुरू व्हायचा होता. त्याला मेसेज कंपनीची किल्ली, म्हणजे काही गुप्त अक्षरं लागत. फाइलीत लिहिली तर कुणीही वाचेल, म्हणून लोसालिनीने ती शेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम देतात त्या काळ्या खिडकीत टाकली आणि यंगोना, म्हणजे मुळांचं गार पेय, प्यायला गेली. परत येऊन प्रोग्राम सुरू केला, तर तो म्हणे किल्ली नाही. शेलला विचारलं, तर किल्ली जागच्या जागी!

"मला दिसते आणि प्रोग्रामला दिसत नाही? कुणीतरी प्रोग्राममध्ये हात घातलाय. माझ्या खुर्चीत कोण बसलं होतं?"

"मीच. मऊ आहे ना तुझी खुर्ची," इसिरेली हसला.

ती हसली नाही. तडक मॅनेजरकडे गेली. मला चीड आली. ताउवूची तक्रार कुणी वर नेतं का? मॅनेजरने उद्यापासून येऊ नकोस म्हणून इसिरेलीला घरी पाठवलं.

मग बाई पुरावा शोधायला बसल्या. त्याच खिडकीतून तिने आणखी एक शेल सुरू केला आणि त्याला किल्ली विचारली. तिथेही नाही. आता इथे तर प्रोग्रामचा संबंधच नव्हता! तिचा चेहरा उतरला. नुसती टाकलेली किल्ली शेल स्वतःपाशीच ठेवतो. त्यातून सुरू होणाऱ्या प्रोग्रामला ती द्यायची तर एक्स्पोर्ट करावी लागते. तेच ती विसरली होती. तेवढं करून तिने प्रोग्राम पुन्हा सुरू केला, आणि मेसेज भराभर गेले.

चूक माझीच, असं तिने स्वतः मॅनेजरला सांगितलं. इसिरेलीला परत बोलावलं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला आणि आपलं टेबल तिच्यापासून लांब, पलीकडच्या भिंतीतल्या खिडकीपाशी ओढत घेऊन गेला. लोसालिनीचा जीव कासावीस झालेला मला दिसत होता.

"आलास का रे, ढेरपोट्या? फुकट्या!" ती मुद्दाम मोठ्याने ओरडली.

"हो, मॅडम," तो उठून उभा राहिला. "आपलं काही काम होतं का?"